कुंभाराच्या घरी

ज्या वस्तूवाचून घर चालत नाही, तिच्याकडे निरखून पाहण्याची सवय आपणांस फारशी नसते. पावसाळ्याचे चार महिने ज्या कौलांखाली आपण कोरडे निजतो, वैशाखात ज्या घागरीतले पाणी पिऊन शेतावरून आलेला माणूस ओठ पुसतो, सणाला ज्या पणतीत आई तेल घालते, त्या वस्तू कोणाच्या हातून आल्या हा विषय जेवणाच्या पंगतीत कधी निघत नाही. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांत तरी तो निघावयास हवा होता. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावलेली मलप्रभा आपल्या गावावरून पुढे जाते, आणि या परिसरातील तांबड्या चिकणमातीने खानापूरला विटा, कौले आणि मडकी यांसाठी नाव मिळवून दिले आहे. मंगळुरी म्हणून जे कौल आपण ओळखतो, त्याचा कारखाना बाझल मिशनचे जर्मन मिशनरी गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूर येथे प्रथम काढला. ते आपल्या पंथाचे नव्हते. तथापि धर्मांतरित कुटुंबांस पोटापाण्याचा हुन्नर शिकविल्यावाचून नुसता उपदेश पुरत नाही, हे त्या मिशनने ओळखले होते, आणि ते आपणही नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

कुंभारकामाचे शिक्षण देणारी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती संस्था आपल्या खानापुरात आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. तेथे काय शिकवितात असे विचारले, तर मात्र ‘मडकी’ असे एका शब्दात उत्तर मिळते. त्या एका शब्दाच्या पोटात आज आम्ही थोडे शिरू पाहतो. त्याला कारणही तसेच घडले आहे. ते ओघाने येईलच.

माती खणून अंगणात आणून टाकली म्हणजे ती कामाची झाली असे नव्हे. ती वाळवावी लागते, फोडावी लागते, पाण्यात भिजत घालावी लागते. तिच्यातील खडे आणि मुळ्या वेचून काढाव्या लागतात. हरभऱ्याएवढा एक खडा राहिला तरी तो पुढे भिंतीत अडकून सबंध भांडे वाया घालवितो. मग ती पायांनी तुडवायची आणि पुन्हा हातांनी मळायची. आपल्या भगिनींनी भाकरीचे पीठ मळण्याशी याची तुलना करू नये. भाकरीचे पीठ चुकले तर भाकरीच्या कडा चिरतात, एवढेच. येथे हवेचा एखादा बुडबुडा मातीच्या पोटात राहिला, तर चाकावर भिंत वर उचलताना नेमकी तेथेच बोट अडखळते आणि भिंत फाटते. चाकाला अजून हात लागलेला नसतो, आणि निम्मे काम होऊन गेलेले असते.

जुने चाक म्हणजे खिळ्यावर तोललेले जड चक्र. त्याच्या खोबणीत काठी घालून ते जोराने फिरवायचे, आणि त्याचा वेग टिकून आहे तोवर मिनिटे मोजून भांडे उचलायचे. आता विजेवर चालणारी चाकेही आली आहेत. २०१८ सालापासून खादी ग्रामोद्योग आयोगाने कुंभारांसाठी जी योजना राबविली, तिच्याद्वारे देशात ठिकठिकाणी अशी चाके वाटण्यात आली. विजेने दंडाचे श्रम वाचविले हे खरे. परंतु बोटांचे शिक्षण तिने एका दिवसानेही कमी केलेले नाही.

या शिक्षणातील पहिली परीक्षाच सर्वांत कठीण असते. फिरत्या चाकावर ठेवलेला मातीचा गोळा चाकाच्या नेमक्या मध्यावर आणावयाचा. ऐकावयास किती सोपे! गोळा मध्यावर नसला म्हणजे तो प्रत्येक फेऱ्यात तळहाताला धक्का देतो. शिकाऊ माणूस काय करतो? धक्क्याला धक्का देतो. गोळा डावीकडे गेला की त्यास उजवीकडे लोटतो, उजवीकडे आला की डावीकडे. आणि या भांडणात माती लोळागोळा होऊन शेवटी चाकावरून उडते. मुरलेला कुंभार तसे करीत नाही. तो कोपर मांडीवर नाही तर बरगडीशी घट्ट टेकवितो, हात स्थिर ठेवितो, आणि मातीलाच त्या स्थिर हाताशी जुळवून घ्यावयास लावितो. हात हलला तर माती कधीच स्थिर होत नाही. डोक्याला हे एका सकाळी कळते. हाताला कळावयास कित्येक आठवडे लागतात, काहींना महिने लागतात. त्या अवधीत शिकणाऱ्याच्या पदरी एकही भांडे पडत नाही. संध्याकाळी घरी जाताना त्याच्याजवळ दाखविण्यासारखे काय असते? चिखलाने भरलेले कपडे. शिकणारे पुष्कळ जण येथूनच परत फिरतात.

मध्य साधल्यावर अंगठा घालून गोळा उघडावयाचा, आणि आतले बोट व बाहेरचे बोट यांच्या मध्ये धरून भिंत वर न्यावयाची. पाणी कमी पडले तर हात चिकटतो; अधिक झाले तर भिंत सैल होऊन बसते. तयार भांडे दोऱ्याने कापून अलगद उतरवावयाचे. घागरीचा गोल तळ चाकावर होतच नाही. भांडे जरा आवळले की आत दगडाचा गोल गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने हलके हलके ठोकीत तो घडवावा लागतो. ठोकता ठोकता भिंत पातळ होते आणि भांड्याचे पोट वाढते. थापटणे जरा जोरात बसले की भोक. मग सावलीतले वाळविणे. वाळताना माती आकसते. तोंड आधी वाळले आणि तळ ओला राहिला तर दोघांची ओढाताण होऊन भांडे तडकते. ऊन कडक असले तरी भय, हवा दमट असली तरी भय.

आणि सर्वांत शेवटी भट्टी. बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या भांड्याच्या भिंतीत पाणी लपलेले असते. उष्णता शंभर अंशांच्या पुढे गेली की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा हवी असते. तिला हळूहळू निघून जाण्यास अवधी मिळाला नाही, तर ती भिंत फोडून निघते. पुढे पाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांशी जडलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती माती पुन्हा कितीही भिजविली तरी चिखल होत नाही. तिचा स्वभावच बदललेला असतो. बाप्तिस्म्याची मुद्रा कधी पुसली जात नाही असे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगतो, तेव्हा याहून समजण्याजोगा दाखला आम्हांस अजून सापडलेला नाही. याच सुमारास, ५७३ अंशांवर, मातीतील वाळूचे कण एकाएकी फुगतात, आणि थंड होताना त्याच ठिकाणी एकाएकी आकसतात. म्हणून विझलेली भट्टी घाईने उघडणाऱ्याच्या हाती खापऱ्याच येतात. खेड्यातल्या कुंभाराने हा आकडा कधी ऐकलेला नसतो. पण रात्रभर थांबावयाचे असते, हे त्याला आजोबांपासून माहीत असते.

आता कारणाकडे येतो. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण इतर पुष्कळांप्रमाणे गोव्यात हॉटेलात नोकरीला होता. २०२० साली टाळेबंदी झाली, हॉटेल बंद पडले, आणि तो घरी आला. शेत थोडे, भावंडे तीन. दोन वर्षे मिळेल ते काम केल्यावर २०२२ साली त्याने कुंभारकाम शिकावयाचे ठरविले. प्राथमिक शिक्षण त्याने रीतसर घेतले, आणि पुढे जवळच्या गावातील एका वृद्ध कुंभाराकडे तो रोज सायकलने जाऊ लागला. घरच्यांना ते रुचले नाही. वडील म्हणाले, “पुन्हा गोव्याला जा.” शेजारी काय म्हणाले ते येथे छापण्याची आवश्यकता नाही, त्याचा मथितार्थ एवढाच की, आपल्या लोकांनी कुंभाराचे काम का करावे?

या प्रश्नावर आम्हांस थोडे थांबलेच पाहिजे. आपले पूर्वज घाट चढून गोव्याकडून इकडे आले. १९५३ साली बेळगावचा धर्मप्रांत स्वतंत्र होईपर्यंत आपण गोव्याच्याच धर्मप्रांतात मोडत होतो. घरात कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कानडी अशी आपली तीन भाषांची वस्ती. पूर्वजांनी येताना विश्वास आणला, क्रूस आणला, जपमाळ आणली. आणि त्याच गाठोड्यात जातही आणली. वेदीपुढे एका ताटातील भाकर घेणारे आपण, चाकावर कोणी बसावे आणि कोणी बसू नये याचे नियम मात्र जुनेच पाळतो. नाझरेथच्या लोकांनीही प्रभूविषयी हेच विचारले होते: हा तो सुतार ना? मार्काच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात ते आले आहे. त्यांना त्याच्या शिकवणीत खोट आढळली नव्हती; त्याचे हात काम करणारे होते, एवढ्याचीच अडचण. प्रभूने आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे ज्या घरात काढली, तेथे हत्यारांचा आवाज रोज होत होता, आणि त्या वर्षांविषयी पवित्र शास्त्र जवळजवळ काहीच बोलत नाही. शिकण्याची वर्षे अशीच असतात. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नसते. परमगुरू बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. तो सण आपण पाळतो, मूर्तीला हार घालतो. त्याच्या हातातील हत्याराकडे पाहून आपल्या मुलाने हातात काय घ्यावे हे किती घरांत ठरले असेल, याविषयी आम्हांस शंका आहे.

तो तरुण चिवट निघाला. गोळा मध्यावर आणण्यात त्याचे तीन महिने गेले. वृद्ध कुंभार बोलावयास कमी. एके दिवशी ते त्यास म्हणाले, “पोरा, मातीशी कुस्ती खेळू नको. तू बसलास की ती बसंल.” त्यानंतर काही दिवसांनी गोळा पहिल्यांदा स्थिर झाला. तो फिरतो आहे की उभा आहे हे डोळ्यांना कळेना, इतका स्थिर. तो आनंद त्याने आम्हांस सांगितला तेव्हा आम्हांस संकोच वाटला. पुष्कळांच्या प्रार्थनेतही एवढी एकाग्रता नसते.

२०२३ च्या पावसाळ्याअखेरीस त्याने आपली स्वतःची पहिली भट्टी लावली. घरच्यांना काही करून दाखवावयाचे होते. वृद्ध कुंभारांनी थांबावयास सांगितले होते. आपल्याकडचा पाऊस कसा असतो हे वाचकांस सांगावयास नको. त्यास थांबवले नाही. भट्टी उघडली तेव्हा निम्म्याहून अधिक भांडी फुटली होती. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला, आणि व्हरांड्यात बसून त्याने सरळ प्रश्न केला. “फादर, मी रोज क्रूसाची खूण करून चाकावर बसतो. भट्टीला विस्तव लावण्याआधी आम्ही सगळ्यांनी रोझरी म्हटली. मग मडकी का फुटली?”

असा प्रश्न विचारणाऱ्याला ‘देवाची इच्छा’ असे म्हणून वाटेला लावणे सोपे असते, आणि आमच्या मते ते पाप नसले तरी पापाच्या शेजारीच राहते. मडकी ओली होती म्हणून फुटली. देवाने वाफेला जो स्वभाव दिला आहे तो तिने पाळला. ईश्वरी कृपा सृष्टीच्या स्वभावाला मोडीत नाही, तर त्यावर उभी राहून त्यास पूर्णत्वास नेते, असे संत थॉमस अक्वायनस यांचे शिक्षण आहे. पाऊस असताना ओले मडके भट्टीत घालणाऱ्याला या शिक्षणाचा अर्थ पुस्तकावाचून समजतो. रोझरी म्हटल्याने भिंतीतील पाणी सुकत नाही. आम्ही त्यास हे असेच सांगितले. तो रागावेल असे वाटले होते. उलट त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. देव आपल्यावर रुसला आहे असे त्याने मनाशी धरले होते.

मग प्रार्थनेने काय होते? त्यास आम्ही यिर्मया संदेष्ट्याचा अठरावा अध्याय वाचावयास दिला. परमेश्वर संदेष्ट्यास मंदिरात न बोलाविता कुंभाराच्या घरी पाठवितो, आणि संदेष्टा तेथे काय पाहतो? सुंदर तयार घट नव्हे. तो बिघडलेले भांडे पाहतो. कुंभाराच्या हातात असतानाच ते बिघडते. आणि कुंभार ती माती फेकून देत नाही, तिचेच दुसरे भांडे घडवू लागतो. या अध्यायावरून आपण मातीने कसे निमूट असावे याचा उपदेश नेहमी ऐकतो. तो खोटा नाही. परंतु परमेश्वराने आपली तुलना ज्याच्याशी केली, तो मनुष्य रोज भांडी बिघडलेली पाहणारा आणि तरी चाकावरून न उठणारा आहे, ही गोष्ट आमच्या मते तितकीच मोठी आहे. ज्याने स्वतः एकदा तरी बिघडलेली भिंत खाली दाबून पुन्हा गोळा केला आहे, त्यास हा अध्याय आमच्यापेक्षा अधिक कळतो.

सीराखच्या ग्रंथात अडतिसाव्या अध्यायात कुंभार पुन्हा भेटतो. पायांनी चाक फिरविणारा, मातीवर वाकलेला, आपल्या भट्टीच्या स्वच्छतेसाठी रात्री जागणारा. ग्रंथकार स्वतः विद्वान होता, आणि विद्वानाची थोरवी सांगावयास तो बसला होता, हे लपत नाही. असे लोक सभेत मोठ्या आसनावर बसत नाहीत, असेही तो म्हणतो. परंतु अखेरीस त्यास कबूल करावे लागते की नगर त्यांच्यावाचून वसत नाही, आणि त्यांचे काम हीच त्यांची प्रार्थना असते. सेमिनरीत वर्षानुवर्षे पुस्तके वाचून आलेल्या आम्हांसारख्यांना हा अध्याय वाचताना थोडे खाली पाहावे लागते.

चिकाटीची गोष्ट निघाली म्हणजे फ्रान्समधील बर्नार पालिसी याचे नाव हमखास निघते. जुन्या पाठ्यपुस्तकांच्या वाचकांना ते आठवत असेल. सोळाव्या शतकातील हा कारागीर. पांढऱ्या चकाकीचा एक सुंदर प्याला त्याने पाहिला, आणि तसा लेप साधण्यासाठी त्याने सुमारे सोळा वर्षे प्रयोग केले. एकदा भट्टीचे सरपण संपले तेव्हा त्याने बागेचे कुंपण, मग घरातील मेजे आणि जमिनीच्या फळ्यासुद्धा जाळल्या. अखेर त्यास यश आले, राणी कॅथरीनचा आश्रय मिळाला, राजवाड्याच्या बागेत त्याने काम केले. तो प्रॉटेस्टंट होता. म्हातारपणी, १५८८ साली, धर्माच्या कारणावरून त्यास कैद झाली, आणि आपला पंथ न सोडता तो बास्तीयच्या तुरुंगात वारला. त्या काळच्या कॅथोलिक सत्तेच्या हातून हे झाले, ही गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये. त्याच्या निष्ठेपुढे आमची मान लवते. परंतु घरातल्या फळ्या जाळल्या त्या दिवशी त्याच्या पत्नीने आणि मुलांनी काय सोसले असेल, याचा विचार त्याचे गुणगान करणारे फारसा करीत नाहीत. आमचा तरुण वाचक घरातील बैल विकून भट्टी पेटवू लागला, तर आम्ही त्याला चिकाटी म्हणणार नाही. शिकणाऱ्याच्या चिकाटीची किंमत घरातील दुसऱ्या कोणाला मोजावी लागत नाही ना, हे पाहणे हाही विश्वासाचाच भाग आहे.

आपल्या घराण्यातील गोष्ट हवी असेल तर सेव्हिल नगरीच्या संत युस्ता आणि रुफिना यांची घ्यावी. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस या दोघी बहिणी मातीची भांडी विकून उपजीविका करीत आणि उरलेले गरिबांना देत. मूर्तिपूजकांच्या उत्सवासाठी भांडी विकावयास त्यांनी नकार दिला, तेव्हा जमावाने त्यांची सगळी भांडी फोडली. पुढे त्यांनाही विश्वासासाठी प्राण द्यावे लागले, असे परंपरा सांगते. कुंभारांच्या आश्रयदात्या म्हणून त्यांचा मान आहे, आणि चित्रांत त्यांच्या पायांशी मातीची भांडी काढलेली असतात. आपल्या मराठी मुलखातही तेरच्या गोरोबा काकांची कथा घरोघर माहीत आहे. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले. नामदेवांनी तक्रार केली, आणि हे मडके कच्चे आहे असा निर्णय झाला. भांडे ठोकून त्याच्या आवाजावरून भाजले की नाही ते ओळखतात, हे ज्याला माहीत आहे त्यालाच या कथेची खरी गोडी. तडा गेलेल्या भांड्याचा आवाज बसका येतो. नामदेव नुसते कच्चे ठरले होते, तडकलेले नव्हते. ते उठून गुरू शोधावयास गेले.

आमच्या तरुणाला आम्ही एक उपाय सुचविला. तो संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडून घेतलेला आहे. रात्री निजण्यापूर्वी दिवसाचे विवेकपरीक्षण करावे, असे त्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत सांगितले आहे. तेच फुटलेल्या भांड्यांचे करावे, असे आम्ही म्हटले. प्रत्येक खापरी हातात घेऊन पाहावे: तळ फुटला की काठ? तडा सरळ आहे की वेडावाकडा? आतून चिरफळ्या उडाल्या की बाहेरून? त्याने एक वही केली. वृद्ध कुंभारांकडे ती खापऱ्यांची टोपली घेऊन गेला. ते पुष्कळ हसले, आणि मग संध्याकाळपर्यंत दोघे खापऱ्या उलटसुलट करीत बसले. तळ जाड आणि भिंत पातळ, हा त्याचा दोष पुष्कळ खापऱ्यांत दिसला. काही भांडी मात्र केवळ घाईची बळी होती. वहीत ते सारे लिहिले आहे. मडकी का फुटतात असे त्याने आम्हांस पुन्हा विचारले नाही. आता तो ‘हे’ मडके का फुटले असे विचारतो, आणि तेही आम्हांस विचारीत नाही, हे फार बरे आहे.

या धंद्यात पैसा किती, असे वाचक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. स्टीलने घागर घेतली, प्लॅस्टिकने बादली घेतली, फ्रीजने रांजण घेतला. मातीच्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हा थंडावा विजेवाचून मिळतो, पण तो मिळण्यास धीर लागतो, आणि धीराला बाजारात भाव कमी. उलटपक्षी सणाच्या पणत्या, रोपांच्या कुंड्या, स्वयंपाकाची मडकी, दह्याची गाडगी यांना शहरात मागणी आहे, आणि बेळगाव व गोवा दोन्ही आपल्याला जवळ आहेत. सरपण महाग झाले आहे. चांगली माती मिळविणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. जून लागला की काम थांबते. कुंभारकाम करून घर भरेल असे आश्वासन आम्ही कोणासही देणार नाही. तो तरुण आजही आठवड्यातून तीन दिवस गवंड्याच्या हाताखाली जातो. वडिलांचा विरोध मावळला आहे असे नाही. फक्त ते आता गोव्याचे नाव काढीत नाहीत.

आपल्याकडून एवढे होण्याजोगे आहे. पुढच्या सणाला पणत्या आणि दफनभूमीत मेणबत्त्या लावण्याच्या वाट्या कोठून घ्यावयाच्या, हे घरोघर आणि संघासंघांत ठरेल. त्या वेळी आपल्या तालुक्यातील चाके आठवावीत. आणि ज्या मुलांचे मन पुस्तकात रमत नाही परंतु बोटे चपळ आहेत, त्यांच्या आईबापांनी एकदा तरी त्यांना कोणा कुंभाराच्या, सुताराच्या किंवा गवंड्याच्या घरी नेऊन बसवावे. मूल आळशी आहे की त्यास त्याची माती अजून सापडलेली नाही, हे तेथे लौकर कळते.

दुसरी भट्टी त्याने २०२४ च्या फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना लावली. रात्रभर मंद विस्तवावर धूर दिला, आणि विझल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला हात लावला नाही. बहुतेक भांडी निघाली. पणत्या, गाडगी, कुंड्या आता त्यास जमतात. मोठी घागर मात्र अजून जमत नाही. थापटताना पोटाशी भिंत एका बाजूला पातळ होते. वृद्ध कुंभार म्हणतात की त्याला अजून दोन उन्हाळे लागतील. त्यांनीच त्यास एक जुनी युक्ती सांगितली आहे: भाजलेल्या खापऱ्या कुटून, चाळून त्यांचा भुगा कच्च्या मातीत थोडा मिसळावा. एकदा भाजून निघालेला तो भुगा पुन्हा आकसत नाही, आणि त्याच्या आधाराने नवी माती वाळताना व तापताना कमी तडकते. पहिल्या भट्टीच्या खापऱ्या त्याने टाकून दिलेल्या नव्हत्या. गेले काही महिने त्या तो घरच्या उखळात कुटतो आहे. आई म्हणते, “फादर, त्याला सांगा, उखळ मसाल्याचं आहे.”